माकडतापाचा उगम : एका प्रश्नाच्या मांडणीचा इतिहास

इ. स. १९५७ च्या पूर्वार्धात, त्या वेळच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, सागर व सोरब या तालुक्यांतील जंगलांत वानरे व माकडे मरून पडत असल्याचे आढळून आले. जंगलालगतच्या खेड्यांतून त्याच सुमारास एका तीव्र ज्वराची साथ सुरू झाली होती. एकाएकी चढणारा ताप, असह्य डोकेदुखी, कंबर व पोटऱ्यांतील वेदना, लाल झालेले डोळे, आणि काही रोग्यांच्या बाबतीत नाकातोंडातून वा आतड्यांतून होणारा रक्तस्राव, अशी तिची लक्षणे होती. आरंभी हा विषमज्वराचाच एक प्रकार असावा अशी समजूत होती. गावकऱ्यांनी मात्र जंगलातील मृत्यू आणि घरातील आजार यांचा संबंध आपल्यापुरता जोडून टाकला व रोगाला ‘मंगन कायिले’, म्हणजे माकडाचा आजार, असे नाव दिले. शास्त्राने दिलेले नाव सोरब तालुक्यातील एका जंगलावरून आले : क्यासनूर अरण्यज्वर. मराठीत पुढे रूढ झालेला ‘माकडताप’ हा शब्द कन्नड नावाच्याच वळणाचा आहे.

या रोगाचा शोध हे आपल्याकडील विषाणुशास्त्राच्या इतिहासातील एक ठळक प्रकरण म्हणून सांगितले जाते, व ते योग्यच आहे. परंतु त्या प्रकरणाला दुसरीही एक बाजू आहे, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. रोगाविषयी जो पहिला मोठा प्रश्न विचारला गेला त्या प्रश्नाच्या शब्दरचनेतच एक गृहीत दडलेले होते. त्या गृहीताने संशोधनाचा बराच मोठा भाग दहाबारा वर्षे एका दिशेला नेला. प्रत्यक्ष उपयोगाचे ज्ञान मात्र दुसऱ्याच दिशेने, गवत, गुरे व गोचिडी यांच्या कंटाळवाण्या मोजणीतून हाती आले.

पुण्यातील व्हायरस रिसर्च सेंटर ही संस्था १९५२ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठान यांच्या सहकार्याने स्थापन झाली होती. आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था ती हीच. हे नाव तिला १९७८ मध्ये मिळाले. रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या विषाणुकार्याची घडण पीतज्वराच्या अभ्यासातून झालेली होती. दक्षिण अमेरिकेच्या अरण्यांत पीतज्वर माणसांत दिसण्यापूर्वी तेथील माकडे मरतात. जंगल निःशब्द झाले की साथ जवळ आली, असे तेथील अनुभवी संशोधक समजत. आशियात पीतज्वराचा स्थानिक फैलाव कधीही झालेला नाही. पण तो पसरविणारा एडिस इजिप्टाय हा डास येथे विपुल आहे आणि लोकांच्या अंगी त्या रोगाविरुद्ध प्रतिकारशक्ती नाही. तेव्हा सह्याद्रीच्या रानात माकडे मरत आहेत ही वार्ता पुण्यास पोहोचली, त्या क्षणी संस्थेचे तत्कालीन संचालक टेल्फर्ड वर्क व त्यांचे सहकारी यांच्या मनात कोणती शंका आली असेल याची कल्पना सहज करता येते. पीतज्वर भारतात पोहोचला असता तर विसाव्या शतकातील सर्वांत मोठ्या आपत्तींपैकी ती एक ठरली असती.

ती शंका लवकरच फिटली. मृत वानरे, आजारी माणसे व जंगलातील गोचिडी यांपासून वेगळा करण्यात आलेला विषाणू पीतज्वराचा नव्हता. त्याचा प्रसार डासांमार्फत नव्हे, तर गोचिडीमार्फत होत होता. प्रतिपिंडांच्या कसोटीवर तो ज्या गटात बसला तो गट मात्र सर्वांना चकित करणारा होता. सोव्हिएत संघाच्या अतिपूर्व भागातील तैगा अरण्यांत ‘रशियन वसंत-ग्रीष्म मस्तिष्कज्वर’ नावाचा एक भयंकर रोग आढळतो. लेव्ह झिल्बर यांच्या नेतृत्वाखालील १९३७ च्या मोहिमेने त्याचे कारण शोधून काढले होते, आणि त्या शोधाची किंमत मोहिमेतील काही संशोधकांना स्वतःच्या आरोग्याने मोजावी लागली होती. शिमोग्याचा विषाणू या रशियन विषाणूचा निकटचा आप्त निघाला. पश्चिम सैबेरियातील ओम्स्क रक्तस्रावी ज्वर हाही त्याच कुळातला. वर्क यांनी १९५८ साली लिहिलेल्या विस्तृत लेखाच्या शीर्षकात ‘भारतातील रशियन वसंत-ग्रीष्म विषाणू’ हे शब्द आधी आले आहेत आणि क्यासनूरचे नाव नंतर. शीर्षकातील हा क्रम सूचक आहे.

कारण आता जो प्रश्न उभा राहिला तो असा होता : उत्तरेकडील थंड अरण्यांतला हा विषाणू सह्याद्रीत कसा आला?

भाषेच्या अभ्यासकांना या वाक्याची जात परिचित आहे. ‘तो कसा आला?’ असे विचारणारा ‘तो आला’ हे आधीच मान्य करून बसतो. उत्तर कोणतेही दिले, तरी गृहीताला धक्का लागत नाही. ‘ठाऊक नाही’ असे म्हणणाराही त्याचा आगमनावरील विश्वास कायम ठेवूनच तसे म्हणतो. अशा गृहीताची अडचण अशी की ते विधानाच्या रूपात समोर येत नसल्यामुळे त्याची परीक्षा करण्याचे कोणाला सुचत नाही. या ठिकाणी तर परीक्षेची साधने हाताशी होती. पुण्याच्याच संस्थेने स्थापनेनंतर लगेच देशाच्या निरनिराळ्या भागांतील लोकांच्या रक्तद्रवाची पाहणी केली होती, व तिचे निष्कर्ष १९५४ मध्ये, म्हणजे क्यासनूरच्या साथीच्या तीन वर्षे आधी, प्रसिद्ध झाले होते. सौराष्ट्र व कच्छ या भागांतील काही लोकांच्या रक्तात रशियन विषाणूला विरोध करणारे प्रतिपिंड त्या पाहणीत आढळले होते. याचा सरळ अर्थ असा होता की या गटातील कोणता तरी विषाणू पश्चिम भारतात अगोदरपासून, फारसा गाजावाजा न करता, वावरत असावा. ही नोंद संशोधकांना माहीत होती. त्यांनी ती दडवली नाही. परंतु प्रश्नाची मांडणी तिने बदलली नाही.

आगमन मान्य केल्यावर वाहन शोधणे आले. सैबेरिया व भारत यांना दरवर्षी जोडणारी, सर्वांच्या डोळ्यांदेखत घडणारी एक घटना होतीच : पक्ष्यांचे स्थलांतर. शरद ऋतूत उत्तर आशियातून लक्षावधी बदके, चिखले, परीट व लहान गाणारे पक्षी हिमालय ओलांडून वा त्याला वळसा घालून येथे येतात आणि वसंतात परत जातात. त्यांच्या अंगावरून विषाणुयुक्त गोचिडी आल्या असतील काय? तर्क चुकीचा नव्हता. तपासून पाहण्याजोगा होता. अडचण अशी की कोणता पक्षी कोठून येतो, कोणत्या मार्गाने येतो आणि त्याच्या अंगावर कोणते परजीवी असतात, याविषयी भारतात पद्धतशीर माहिती जवळजवळ नव्हतीच. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९२० नंतरच्या दशकात धार संस्थानाच्या साहाय्याने पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचा उपक्रम सुरू केला होता, पण त्याची व्याप्ती लहान होती.

अशा रीतीने एका ज्वराच्या निमित्ताने भारतातील पक्षिशास्त्राला, त्याने कधी अपेक्षा केली नव्हती अशा दालनातून, द्रव्यसाहाय्य मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने १९५९ साली डॉ. सालीम अली यांच्या मार्गदर्शनाखाली सोसायटीचा पक्षिस्थलांतर-अभ्यास सुरू झाला. कच्छ, भरतपूर व पुढे तमिळनाडूतील पॉइंट कॅलिमिअर अशा ठिकाणी संशोधकांच्या छावण्या पडू लागल्या. डोळ्यांना सहसा न दिसणारी बारीक धाग्यांची जाळी लावून, त्याचप्रमाणे बिहारमधील मीरशिकारांचे वंशपरंपरागत कौशल्य उपयोगात आणून, पक्षी जिवंत पकडण्यात येत. प्रत्येकाचे माप व वजन घेऊन, पिसांतील परजीवी वेचून, काहींच्या रक्ताचे नमुने घेऊन, पायात क्रमांकाचे कडे चढवून पक्षी सोडून दिला जाई. कड्यावर सोसायटीला कळविण्याची विनंती कोरलेली असे. रक्त व परजीवी यांचा अभ्यास विषाणूच्या शोधासाठी. कड्यांची वही मात्र पक्षिशास्त्रासाठी. कालांतराने सोव्हिएत प्रदेशांतून कडी परत येऊ लागली, आणि ज्या प्रवासाविषयी तोवर अनुमानच होते त्याची दोन टोके नकाशावर मांडता येऊ लागली.

या उद्योगाचे मूळ प्रश्नाच्या दृष्टीने फलित काय? स्थलांतरी पक्ष्यांनी उत्तरेतून हा विषाणू सह्याद्रीत आणला याचा पुरावा मिळाला नाही. क्यासनूरच्या रानात रोग पसरविणारी मुख्य गोचीड हीमाफायसॅलिस स्पिनिजेरा ही दक्षिण आशियातील उष्ण अरण्यांत राहणारी जात आहे. सैबेरियातील रोग पसरविणारी गोचीड निराळ्या प्रजातीची. जमिनीवर चरणाऱ्या स्थानिक पक्ष्यांच्या अंगावर स्पिनिजेराची पिल्ले सापडतात व जवळपासच्या टापूत ती पसरविण्यास हे पक्षी हातभार लावीत असतील, एवढे दिसून आले. हिमालयापलीकडून आणण्याची गोष्ट वेगळी. पक्षिशास्त्राचा लाभ मात्र खराखुरा झाला, आणि तो टिकला.

त्या लाभाला पुढे एक ग्रहणही लागले. १९६३ ते १९७१ या काळात अमेरिकेच्या लष्करी वैद्यकीय खात्याच्या पैशाने, एलियट मॅक्ल्यूर यांच्या नेतृत्वाखाली, पूर्व व आग्नेय आशियात पक्ष्यांना कडी घालण्याचा एक प्रचंड प्रकल्प चालला; दहा लाखांहून अधिक पक्षी त्यात नोंदले गेले. मुंबईच्या अभ्यासाचा त्या प्रकल्पाशी संबंध आल्यामुळे, स्थलांतरी पक्ष्यांच्या मार्गांची माहिती जैविक युद्धासाठी तर हवी नव्हती ना, अशी शंका १९७४ च्या सुमारास वृत्तपत्रांतून व नंतर संसदेच्या लोकलेखा समितीतही उपस्थित करण्यात आली. तसा हेतू असल्याचे सिद्ध झाले नाही. परंतु पक्षी परक्या देशातून रोग घेऊन येतो या कल्पनेवर जो प्रकल्प उभा राहिला, त्याच्यावरच परक्या देशासाठी पक्ष्यांकरवी रोग नेण्याचा संशय यावा, हा योग विचित्र खरा. भारतातील पक्षिस्थलांतराचा दीर्घकालीन अभ्यास सोसायटीने १९८० पासून पुन्हा हाती घेतला तो अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेच्या साहाय्याने; त्यात ज्वराचा प्रश्न अग्रभागी राहिला नव्हता.

आता दुसऱ्या दिशेकडे वळावयाचे. पक्ष्यांच्या छावण्यांना जी प्रसिद्धी मिळाली तीतला अंशही शिमोग्याच्या रानात चाललेल्या कामाच्या वाट्याला आला नाही. पुण्याच्या संस्थेने सागर येथे क्षेत्रीय केंद्र उघडले होते. हॅरल्ड ट्रॅपिडो, पी. के. राजगोपालन, होर्हे बोशेल व त्यांचे सहकारी तेथे वर्षानुवर्षे एकच काम करीत राहिले : जंगलाच्या जमिनीवरून पांढरे कापड ओढत जावयाचे, त्याला चिकटलेल्या गोचिडी मोजावयाच्या, त्यांच्या जाती व अवस्था ओळखावयाच्या, उंदीर, घुशी, चिचुंद्री, खारी पकडून त्यांच्या अंगावरील गोचिडी मोजावयाच्या, मेलेले वानर कोठे सापडले त्याची नोंद करून भोवतालची जमीन तपासावयाची. काम धोक्याचेही होते. हा विषाणू हाताळणाऱ्या प्रयोगशाळांतून अनेक कर्मचाऱ्यांना रोगाची बाधा झाली.

या नोंदींतून गोचिडीच्या आयुष्याचा जो आलेख तयार झाला तो समजून घेतल्यावाचून पुढील विवेचन कळणार नाही. स्पिनिजेरा ही आपल्या आयुष्यात तीन वेळा रक्त पिते, आणि तिन्ही वेळा वेगळ्या प्राण्याचे. पावसाळा संपल्यावर अंड्यांतून बाहेर पडलेली सहा पायांची सूक्ष्म पिल्ले लहान सस्तन प्राण्यांच्या व जमिनीवर वावरणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावर चढतात. पोट भरले की गळून पडतात, कात टाकतात आणि आठ पायांची, पण अजून अपक्व अशी, मधली अवस्था धारण करतात. ही मधली अवस्था साधारण डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत रानात विपुल असते. वानर, माकड आणि माणूस यांना चावते ती हीच. माणसांतील साथही याच महिन्यांत येते. पुन्हा कात टाकून पूर्ण वाढ झालेली गोचीड पावसाळ्याच्या सुमारास मोठ्या जनावराच्या शोधात असते. त्याच्या रक्तावर पोसलेली मादी मातीत हजारोंच्या संख्येने अंडी घालून मरते.

विषाणू एका अवस्थेतून पुढच्या अवस्थेत गोचिडीच्या शरीरातच टिकून राहतो. लहान प्राण्यांत तो फारसा त्रास न देता फिरत असतो. वानराच्या रक्तात मात्र त्याची प्रचंड वाढ होते. मरणाऱ्या वानराच्या अंगावरून गळून पडलेल्या शेकडो गोचिडी त्या जागेला काही काळापुरते विषाणूचे कोठारच बनवितात. माणूस हा या साखळीचा शेवट आहे. त्याच्यापासून ती पुढे जात नाही.

या साखळीत तिसऱ्या भोजनाची जागा नीट पाहण्यासारखी आहे. दाट, अस्पर्श अरण्यात मोठी जनावरे म्हणजे गवे व सांबर. ती विरळ असतात आणि दूरवर हिंडतात. प्रौढ गोचिडींना यजमान मिळणे ही तेथे दैवाची गोष्ट. पण जंगलाच्या कडेला खेडे वसले, खेड्यातील गुरांचे कळप रोज सकाळी ठरलेल्या वाटेने रानात जाऊ लागले व सायंकाळी त्याच वाटेने परतू लागले, म्हणजे प्रौढ गोचिडींसाठी ताट वाढूनच ठेवले गेले. गुरांच्या रक्तात हा विषाणू म्हणण्यासारखा वाढत नाही, त्यामुळे ती रोगाचे भांडार नव्हेत. ती केवळ गोचिडींची संख्या वाढवितात. बोशेल यांनी १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात हा विचार स्पष्टपणे मांडला : जंगल तोडून केलेली शेती, तिच्या कडेला माजलेली घाणेरीची व इतर झुडपांची जाळी, त्यांत वाढणारे उंदीर व चिचुंद्र्या, आणि त्यांतूनच रोज जाणारी-येणारी गुरे, यांच्या एकत्र येण्याने पूर्वी विरळपणे नांदणारा विषाणू वानरांपर्यंत व माणसांपर्यंत पोहोचेल इतक्या दाटीने पसरला असावा.

बोशेल हे कोलंबियाचे. अरण्यातील पीतज्वराच्या अभ्यासात त्यांचे नाव झाले होते. त्यांच्या निबंधाचे मर्म असे की त्यांनी प्रश्न बदलला. ‘विषाणू कोठून आला?’ याऐवजी ‘१९५७ च्या सुमारासच का?’ असा प्रश्न विचारला की शोधाची नजर हिमालयाकडून निघून सागर तालुक्यातील गुराख्याच्या वाटेवर येते. या दुसऱ्या प्रश्नातही गृहीत आहेच. स्वातंत्र्योत्तर काळात या रानात काही तरी बदलले, हे तो धरून चालतो. परंतु हे गृहीत तपासता येण्याजोगे होते. मलेनाडूतील लोकवस्ती वाढत होती, भातशेती जंगलात शिरत होती, आणि त्याच सागर तालुक्यात शरावतीवरील वीजप्रकल्पाचे काम चालू होते. लिंगनमक्कीचे धरण १९६४ साली पुरे झाले आणि त्याच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतील माणसांना कोठे तरी नवी जमीन शोधणे भागच होते. सुपारीच्या बागांना पाल्याचे खत लागते म्हणून बागाईतदारांना जंगलाचा भाग राखून देण्याची ‘सोप्पिनबेट्ट’ ही या प्रदेशातील जुनी पद्धत आहे. पाला तोडणारा, सरपण वेचणारा, गुरे राखणारा माणूस हा या रोगाचा पहिला बळी. शंभर रोग्यांपैकी तीन ते पाच दगावतात, असे सामान्यतः नोंदले गेले आहे. ते कोणत्या घरांतील असतात हे सांगावयास नको.

बोशेल यांचे विवेचन सर्वस्वी सिद्ध झाले, असे मात्र म्हणता येत नाही. गुरे चरावयास जातात अशी जंगले पश्चिम घाटात हजारो आहेत, आणि रोग त्यांतील थोड्याच जंगलांत दिसला. शिवाय एका जिल्ह्यातील काही वर्षांच्या मोजण्यांवरून ‘पूर्वी’ची स्थिती ठरविण्यात अनुमानाचा भाग मोठा असतो; १९५७ पूर्वीच्या गोचिडी कोणी मोजून ठेवल्या नव्हत्या. तथापि १९८२ ते १९८४ या काळात दक्षिण कन्नड जिल्ह्यातील बेळतंगडी तालुक्यात, मळ्यासाठी जंगल तोडण्यात आल्यानंतर, एक हजाराहून अधिक लोकांना या रोगाने गाठले, तेव्हा बोशेल यांच्या निबंधाची पाने पुन्हा उलटली गेली.

आगमनाच्या प्रश्नाचे काय झाले? तो सुटला असे नाही. त्याचे रूप पालटले. सौदी अरेबियात १९९० नंतर अल्खुर्मा नावाचा एक विषाणू सापडला. तो क्यासनूरच्या विषाणूचा आजवर ठाऊक असलेल्यांपैकी अतिनिकट आप्त ठरला, रशियन विषाणूपेक्षा पुष्कळच जवळचा. त्यामुळे उत्तर-दक्षिण असा काढलेला नातेसंबंधाचा बाण एकदम पश्चिमेकडे वळला. पुढे विषाणूंच्या जनुकीय रचनेतील भेद मोजून ते किती काळापूर्वी विभक्त झाले याचे गणित मांडण्यात येऊ लागले. भाषाकुलांच्या अभ्यासात शब्दभेदांवरून कालनिर्णय करण्याची जी पद्धत १९५० नंतर निघाली, तिच्याशी या गणिताचे साम्य उघड आहे, आणि तिचे दोषही यात थोडेफार उतरले आहेत. पुण्याच्या संस्थेतील संशोधकांनी २००९ साली केलेल्या गणनेप्रमाणे क्यासनूरच्या उपलब्ध नमुन्यांचा समान पूर्वज १९४२ च्या आसपासचा असावा. दोनच वर्षांनी, २०११ साली, प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात क्यासनूर व अल्खुर्मा हे विषाणू सुमारे सातशे वर्षांपूर्वी एकमेकांपासून अलग झाले असे दाखविण्यात आले. हे दोन आकडे एकाच घटनेचे नाहीत, हे खरे. पण त्यांचे मोजमाप सारखे मानावयाचे की नाही याविषयी मतभेदास वाव आहे. शेकडो वर्षांचे अंतर मानले तर १९५७ हे रोगाच्या जन्माचे वर्ष नसून त्याच्या नामकरणाचे वर्ष ठरते.

प्रतिबंधाच्या प्रयत्नांतही पहिल्या प्रश्नाची छाया दिसते. रोग रशियन कुळातला, म्हणून रशियन रोगावरील लस आधी देऊन पाहण्यात आली. तिचा उपयोग झाला नाही. पुण्याच्या संस्थेत क्यासनूरच्याच विषाणूपासून निष्क्रिय लस बनविण्याचे काम नंतर झाले व १९९० पासून ती कर्नाटकात वापरण्यात आली. २००५ ते २०१० या काळातील अनुभवावरून तिच्या दोन मात्रांची परिणामकारकता सुमारे ६२ टक्के व वर्धक मात्रेसह सुमारे ८३ टक्के असल्याचे आढळले. पुढे तिच्या परिणामकारकतेविषयीच शंका उत्पन्न होऊन २०२२ साली तिचा वापर थांबविण्यात आला.

रोग शिमोग्यापुरता राहिला नाही. २०१२ नंतर तो चामराजनगर, निलगिरी व वायनाड येथे दिसला. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात. तो तेथे ‘पोहोचला’, की होताच आणि ओळखू आला, हा जुनाच प्रश्न येथेही उभा राहतो, आणि शब्द निवडताना लिहिणाऱ्याला पुन्हा एकदा सावध राहावे लागते.

मराठीतील नावाने या ठिकाणी थोडी अडचण केली आहे. मराठी बोलणारा माणूस काळ्या तोंडाच्या, लांब शेपटीच्या प्राण्याला वानर म्हणतो आणि तांबूस तोंडाच्या प्राण्याला माकड. मरणाऱ्या प्राण्यांत वानरांचे प्रमाण बरेच अधिक असते. रोगाचे नाव मात्र माकडाचे. नावाच्या पहिल्या पदामुळे दोष माकडाकडे जातो, वस्तुतः तोही माणसासारखाच रोगाचा बळी आहे. ‘गोचीड’ या शब्दाचीही तीच गत. गोचीड म्हटल्यावर गुराच्या कानामागे चिकटलेला, रक्त पिऊन वाटाण्याएवढा फुगलेला जीव डोळ्यांसमोर येतो. तो प्रौढ मादीचा होय, आणि माणसाला तिच्यापासून फारसे भय नाही. भय आहे ते मधल्या अवस्थेतील, तिळाहूनही लहान जिवापासून, ज्याला या शब्दाच्या नेहमीच्या अर्थात जागाच नाही. ‘गोचिडीपासून सावध राहा’ असे सांगितल्यावर ऐकणारा आपले गुरू तपासतो, स्वतःच्या पोटऱ्या तपासत नाही.

दोडामार्ग व सत्तरी या तालुक्यांत काजूची लागवड जंगलाला लागून, पुष्कळ ठिकाणी जंगलातच आहे. काजूची बोंडे वेचण्याचा हंगाम फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होतो आणि मे महिन्यापर्यंत चालतो. बोंडे खाली पडल्यावर वेचावयाची असल्यामुळे वेचणारी माणसे तासन् तास वाकून, पालापाचोळ्यात हात घालून काम करतात. स्पिनिजेराच्या मधल्या अवस्थेचे महिने नेमके तेच आहेत.